मिठाचा व्यापारी आणि मराठीचे भांडार : विनायक लक्ष्मण भावे

१/
भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे पूर्णेच्या खोऱ्यातले आमचे गाव. लहानपणी पाहिलेला एक प्रसंग अजून डोळ्यांपुढून जात नाही. एका घरातील वृद्ध वारले. तेरावे उरकल्यावर त्यांच्या देव्हाऱ्यातील, लाल फडक्यात बांधलेली पोथ्यांची गाठोडी नदीत सोडण्यात आली. त्यात अनादर मुळीच नव्हता. घरात वाचणारे कोणी उरले नाही, पोथ्या पायदळी येऊ नयेत, एवढाच भाव होता. परंतु त्या गाठोड्यांत काय होते, हे पाहावे असे काठावरच्या कोणालाही वाटले नाही. आम्हालाही वाटले नाही.

२/
आजचा धागा अशा एका माणसाविषयी आहे, ज्याला ते वाटले. विनायक लक्ष्मण भावे हे त्यांचे नाव. 'महाराष्ट्र सारस्वत' या ग्रंथाचे कर्ते, मराठी वाङ्मयाचे आद्य इतिहासकार आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे संस्थापक. १२ सप्टेंबर १९२६ रोजी ते निवर्तले. २०२६ हे त्यांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष. केदारखेड्यात बसून ठाण्याच्या माणसाची आठवण कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर धाग्याच्या मध्यावर येईल.

३/
भाव्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८७१ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पळस्पे गावी झाला. शिक्षण ठाणे आणि मुंबई येथे. १८९५ मध्ये ते बी. एस्सी. झाले आणि पुढे ठाण्यास मिठाचा व्यापार करू लागले. म्हणजे आपल्या वाङ्मयाचा पहिला विस्तृत इतिहास लिहिणारा माणूस ना भाषेचा प्राध्यापक होता, ना संस्थानिकांचा आश्रित. शिक्षण विज्ञानाचे, चरितार्थ मिठाचा आणि ध्यास जुन्या पोथ्यांचा, असे हे आयुष्य होते.

४/
त्यांनी काय केले हे समजण्यासाठी आधी त्या काळची ग्रंथालये कशी होती ते पाहावे लागेल. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' नावाच्या संस्था निघाल्या. रत्नागिरीस १८२८, अहमदनगरास १८३८, नाशकात १८४०, पुण्यात १८४८, कोल्हापुरात १८५० असा त्यांचा क्रम सांगता येतो. पुण्याच्या संस्थेशी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचे नाव जोडलेले आहे. इंग्रज अधिकारी, शाळामास्तर, वकील आणि सरदार मंडळी यांच्या वर्गणीतून त्या उभ्या राहिल्या.

५/
या संस्थांचे ऋण मोठे आहे, हे प्रथमच मान्य करू. परंतु त्यांच्या कपाटांतील मानाची जागा इंग्रजी ग्रंथांना होती. वृत्तपत्रे वाचावीत, इंग्रजी विद्येशी परिचय व्हावा, सुशिक्षितांना एकत्र बसावयास जागा मिळावी, हा त्यांचा मुख्य हेतू. मराठी पुस्तक तेथे येई, नाही असे नाही. पण आलेले प्रत्येक मराठी पुस्तक कायमचे राखले पाहिजे, अशी जबाबदारी कोणी स्वतःकडे घेतली नव्हती.

६/
आणि मराठी पुस्तके तर झपाट्याने निघत होती. १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण छापले, तेथपासून आपल्या मुद्रित ग्रंथांची गणना करण्याचा प्रघात आहे. नंतर मुंबईत छापखाने वाढले. शिळाप्रेस आला, खिळ्यांचे टाइप आले. पंचांगे, बखरी, शाळेची पुस्तके, नाटके, कादंबऱ्या, वादाची चोपडी यांचा पूर आला. ही बहुतेक छपाई स्वस्त कागदावर होती. प्रती वाचून फाटत, दमट हवेत कुजत, वाळवीच्या मुखी जात.

७/
१८६७ मध्ये सरकारने छापखाने आणि पुस्तकनोंदणीचा कायदा केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे जमा करणे बंधनकारक झाले आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. या कायद्यापूर्वीच्या, म्हणजे मुद्रणकलेच्या पाळण्यातील पुस्तकांना आपण पुढे 'दोलामुद्रिते' म्हणू लागलो. कायद्याने नोंद झाली खरी. पण ही नोंद राज्यकर्त्यांच्या सोयीची होती. वाचकाच्या हाती पुस्तक पडावे, हा तिचा उद्देश नव्हता.

८/
याचा परिणाम कोठवर गेला होता, ते एका उदाहरणावरून कळेल. १८९२ मध्ये लंडनला जे. एफ. ब्लूमहार्ट या विद्वानाने ब्रिटिश म्युझियममधील मराठी आणि गुजराती मुद्रित पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली. म्हणजे आपल्या छापील पुस्तकांची नीट लावलेली यादी टेम्स नदीच्या काठी तयार झाली होती. मुळा-मुठेच्या, गोदावरीच्या किंवा ठाण्याच्या खाडीच्या काठी मात्र केवळ मराठी ग्रंथ एकत्र राखणारी जागा नव्हती.

९/
पुढच्याच वर्षी, १ जून १८९३ रोजी, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. भावे तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि त्यांचे शिक्षण अजून पुरे व्हावयाचे होते. काही मित्रांना हाताशी धरून त्यांनी हा उद्योग आरंभला. केवळ मराठी ग्रंथांसाठी उभे राहिलेले हे पहिले संग्रहालय, असा त्याचा लौकिक आहे. ती संस्था आजही ठाण्यात चालू आहे.

१०/
नावातील 'संग्रहालय' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वाचनालय वाचकाच्या आजच्या गरजेकडे पाहते. मागणी असलेले पुस्तक आणते, मागणी सरलेले काढून टाकते. संग्रहालयाची दृष्टी निराळी असते. आज कोणी न मागितलेले पुस्तक शंभर वर्षांनी कोणाला लागेल, हे आज ठरविता येत नाही. म्हणून थोर ग्रंथासोबत चार पानांचे चोपडेही जपावे लागते. भाव्यांच्या संस्थेने वाचकाला पुस्तक देण्याचे आणि भाषेचे भांडार राखण्याचे, अशी दोन्ही कामे अंगावर घेतली.

११/
ठाणेच का, हाही प्रश्न योग्य आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदराहून सुटली ती ठाण्यापर्यंतच आली होती. चाळीस वर्षांनंतर हे गाव मुंबईच्या छापखान्यांपासून गाडीच्या अंतरावर होते आणि तरीही जिल्ह्याचे, कचेरीचे, ओळखीपाळखीचे गाव राहिले होते. पुस्तके मुंबईत सहज मिळत. ती मागण्यासाठी, वर्गणीसाठी, जागेसाठी दारोदार फिरता येईल असा समाज ठाण्यात होता.

१२/
१८९३ हे वर्ष आपण इतर घटनांसाठी लक्षात ठेवतो. त्या वर्षी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप येऊ लागले, मुंबईत मोठी दंगल झाली, स्वामी विवेकानंद शिकागोस बोलले आणि सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानातील अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. या गजबजाटात ठाण्यातील काही तरुणांनी पुस्तके गोळा करावयास घेतली, ही बातमी कोणाच्या लक्षात राहण्याजोगी नव्हती. परिणाम मात्र दूरवर झाले.

१३/
पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १८९८ रोजी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. मुंबईत तेव्हा प्लेगचा धुमाकूळ चालू होता. १८९६ पासून लोक शहर सोडून जात होते, अशा दिवसांत ही संस्था उभी राहिली, हे विसरता कामा नये. १९११ मध्ये पुण्यास मराठी ग्रंथालय आले. 'मराठी ग्रंथांचे स्वतंत्र घर' ही कल्पना अशी गावोगाव रुजत गेली.

१४/
आता भावे लेखक कसे झाले ते पाहू. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्याने संग्रह केला त्यालाच काय आहे आणि काय नाही, हे कळले. कोल्हापूरहून प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर 'ग्रंथमाला' नावाचे मासिक काढीत. त्यात १८९८च्या सुमारास भाव्यांचा 'महाराष्ट्र सारस्वत' हा निबंध प्रसिद्ध झाला. जुन्या मराठी कवींचा काळ, ग्रंथ आणि योग्यता यांचा सलग आढावा त्यात होता. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांचे मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील इंग्रजी टिपणही आले. दोघांच्या दृष्टीत फरक होता. रानड्यांची नजर नव्या मुद्रित ग्रंथांवर होती, भाव्यांची जुन्या हस्तलिखितांवर.

१५/
निबंध लिहिताना त्यांना जाणवले असेल ते असे की, छापील पुस्तकांचा संग्रह पुरेसा नाही. आपले बहुतेक जुने वाङ्मय छापलेच गेले नव्हते. ते मठांत, फडांवर, कीर्तनकारांच्या घरी, कुळकर्ण्यांच्या दप्तरांत पडून होते. म्हणून १९०३ मध्ये त्यांनी 'महाराष्ट्र कवि' नावाचे मासिक सुरू केले आणि जुन्या कवींच्या अप्रकाशित रचना त्यातून क्रमाने छापल्या. अशा मासिकाला ग्राहक किती मिळणार? चार वर्षे ते चालले. तेवढ्या अवधीत कित्येक काव्ये एकाच प्रतीवर अवलंबून राहण्याच्या धोक्यातून बाहेर पडली.

१६/
हा धोका किती खरा आहे, याचे मराठवाड्यातील उदाहरण घ्या. अंबाजोगाईचे दासोपंत हे एकनाथांचे समकालीन. त्यांनी पंचीकरणाचा विषय सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर लिहून काढला. ती 'पासोडी' अंबाजोगाईस आजही आहे. कापडावरचे लिखाण म्हणजे एकमेव प्रत. ते जपणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिळाली म्हणून ते राहिले. ज्यांना अशी माणसे मिळाली नाहीत, त्या कवींची नावेसुद्धा आपणास ठाऊक नाहीत.

१७/
भाव्यांचे दुसरे मोठे काम तुकोबांच्या अभंगांचे. १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये देऊन तुकारामगाथेची छापील आवृत्ती काढविली. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित हे तिचे संपादक. अनेक प्रती ताडून, शुद्ध करून, सुमारे साडेचार हजार अभंग त्यांनी प्रसिद्ध केले. ते काम थोरच होते. पण शुद्ध करताना तुकोबांच्या तोंडचा उच्चार किती राहिला आणि शास्त्र्यांची लेखणी किती मिसळली, हा प्रश्न उरलाच.

१८/
तुकोबांचे शिष्य संताजी तेली जगनाडे. तेलाचा घाणा चालविणारा हा माणूस गुरूचे अभंग लिहून घेत असे. त्याच्या वह्या वंशजांकडे तळेगावी होत्या. भाव्यांनी त्या मिळविल्या आणि १९१९-२० मध्ये 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' दोन भागांत प्रसिद्ध केला. वहीत जसे लिहिले होते तसेच त्यांनी छापले. ऱ्हस्वदीर्घ सुधारले नाही, बोलीतले रूप ग्रांथिक केले नाही.

१९/
हा निर्णय वरकरणी लहान वाटतो. पण विचार करा. छापखान्याच्या युगात 'अशुद्ध' ठरेल असे लेखन एका तेल्याच्या हातचे म्हणून जसेच्या तसे ठेवणे, म्हणजे त्या हाताला प्रमाण मानणे होय. हाच गाथा तेवढा अस्सल, हा भाव्यांचा दावा सर्व अभ्यासकांनी मानला नाही आणि तो वाद योग्यही होता. पण वाद घालावयास संताजीचा पाठ सर्वांच्या हाती आला, तो भाव्यांमुळे. संग्राहकाचे कर्तव्य त्यांनी येथे संपादकाच्या मोहावर चढू दिले नाही असे नाही, उलट संपादकाचा मोहच त्यांनी आवरला.

२०/
आता केदारखेड्याच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या भोकरदन तालुक्यातच, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, जाळीचा देव आहे. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेले हे स्थान महानुभाव पंथीयांना पूज्य आहे. तेराव्या शतकात चक्रधरांनी आपले तत्त्वज्ञान लोकांच्या बोलीत, मराठीत सांगितले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' म्हणून संकलित केल्या. मराठी गद्याचा पाया तेथे घातला गेला. आणि तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुसंख्य मराठी वाचकांना या वाङ्मयाचा पत्ता नव्हता.

२१/
कारण ते बंद होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदर इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. या लिप्यांत अक्षरांची अदलाबदल केलेली असते. 'क'च्या जागी दुसरेच चिन्ह, त्याच्या जागी तिसरे. किल्ली माहीत नसेल तर देवनागरी वाचणारालाही अर्थ लागत नाही. याचा एक लाभ झाला. पाठात परक्या हाताची भर पडली नाही आणि शतकानुशतके नकला काळजीपूर्वक उतरविल्या गेल्या. पंजाबपर्यंत पसरलेल्या मठांत हे मराठी ग्रंथ राहिले. तोटा हा झाला की, महाराष्ट्राला आपलेच पहिले गद्य अपरिचित राहिले.

२२/
विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. त्यानंतर भाव्यांनी महानुभाव वाङ्मयाचा पिच्छा पुरविला. १८९८च्या निबंधात ज्या वाङ्मयाला जागा मिळू शकली नव्हती, त्याला १९१९च्या वाढविलेल्या 'महाराष्ट्र सारस्वता'त मानाचे स्थान मिळाले. १९२४ मध्ये त्यांनी महानुभाव कवींची आणि काव्यांची सूची प्रसिद्ध केली. भास्करभट्ट बोरीकरांचे 'शिशुपाळवध', दामोदर पंडितांचे 'वच्छहरण' अशी काव्येही त्यांच्या हातून प्रकाशात आली.

२३/
येथे त्यांच्या स्वभावातील एक गुण दिसतो. आपला पहिला इतिहास अपुरा होता, हे कळल्यावर त्यांनी तो झाकला नाही, पुन्हा लिहिला. वीस वर्षांपूर्वी बांधलेली मांडणी मोडून नव्या सामग्रीला वाट करून देणे विद्वानांना सोपे जात नाही. संग्रह करणाराला हे थोडे सोपे जात असावे. कारण उद्या येणारे गाठोडे आजचे मत बदलू शकेल, याची त्याला सवय असते.

२४/
त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. 'सारस्वत' मुख्यतः कवींचा इतिहास आहे. आवडीनिवडी ठळक आहेत, काही काळनिर्णय पुढे टिकले नाहीत. समाजाचा, अर्थकारणाचा, स्त्रियांच्या मौखिक परंपरेचा विचार त्यात नाही म्हटले तरी चालेल. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी १९५१च्या आवृत्तीला विस्तृत पुरवणी जोडली, तेव्हा किती गोष्टी बदलल्या होत्या ते दिसून आले. तथापि पुरवणी जोडावीशी वाटली, मूळ ग्रंथ बाजूस सारावासा वाटला नाही, ही त्याच्या योग्यतेची पावती होय.

२५/
१२ सप्टेंबर १९२६ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, भावे गेले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला राजवाडेही गेले. 'लीळाचरित्र' छापून लोकांच्या हाती पडले ते त्यानंतर दहाएक वर्षांनी, नागपूरच्या ह. ना. नेने यांच्या संपादनातून. ज्या दाराची कडी या दोघांनी काढली, ते पूर्ण उघडलेले पाहण्यास दोघेही उरले नाहीत.

२६/
संग्रहाचे फळ मात्र मिळत राहिले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. मराठीतील प्रत्येक गंभीर अभ्यासक आजही तिच्याकडे वळतो. अशी सूची करणाराला पुस्तके प्रत्यक्ष हाताळावी लागतात आणि ती कोठेतरी राखलेली असावी लागतात. १८९३ मध्ये कोणी चोपडी गोळा केली नसती, तर त्यांपैकी कितींचे मुखपृष्ठ पाहावयास मिळाले असते?

२७/
या काळात आमच्या भागात काय चालले होते? मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. सभा-संमेलनांवर 'गश्ती निशाण ५३'सारख्या हुकमांचे बंधन. अशा परिस्थितीत वाचनालय काढणे हे केवळ वाचनाचे काम राहत नसे. परभणीस १९०१ मध्ये गणेश वाचनालय निघाले. पुढे अनेक गावांत वाचनालये ही लोकजागृतीची केंद्रे झाली आणि १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीपर्यंतच्या लढ्यातील कितीतरी कार्यकर्ते त्यांच्या सतरंजीवर घडले.

२८/
कायद्याची कथाही जाणून घेण्याजोगी आहे. देशातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला. १९४८ मध्ये मद्रासने ग्रंथालय-कराची तरतूद असलेला कायदा केला. त्यामागे डॉ. एस. आर. रंगनाथन होते. १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने आपला कायदा केला, म्हणजे मराठवाडा काही काळ ग्रंथालय कायदा असलेल्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६७ मध्ये झाला.

२९/
महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय-कर नाही. लोकांनी संस्था काढावी, शासनाने तिला अ, ब, क, ड असा वर्ग देऊन अनुदान द्यावे, अशी त्याची रचना. यामुळे राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली, ही लहान गोष्ट नव्हे. पण खेड्यातील 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला मिळणाऱ्या रकमेत भाडे, वर्तमानपत्रे आणि सेवकाचे मानधन भागवावे लागते. तेथे संग्रह कोण करणार? वाचनालय कसेबसे चालते. संग्रहालयाचा विचार त्या खोलीपर्यंत पोहोचतच नाही.

३०/
म्हणून भाव्यांची आठवण आमच्यासारख्या गावांना अधिक लागू आहे. ठाण्यात, मुंबईत, पुण्यात जे व्हावयाचे ते पुष्कळ झाले. जालना जिल्ह्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे, जाळीचा देव आहे, वारकऱ्यांचे फड आहेत, जुन्या देशमुख-देशपांड्यांची दप्तरे आहेत. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतील हस्तलिखिते जमविली म्हणून ती राहिली. परंतु प्रत्येक ट्रंकेपर्यंत कोणी देव किंवा भावे पोहोचलेले नाहीत.

३१/
मग करावयाचे काय? घरात जुनी पोथी, वही, मोडी कागद असेल तर प्रथम ते नदीत सोडू नका आणि रद्दीत घालू नका. उघडताना पाने ओढू नका. ओल आणि उंदीर यांपासून दूर, स्वच्छ सुती कापडात ठेवा. उन्हात वाळवू नका. मोबाइलने प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, क्रम चुकवू नका. पहिले आणि शेवटचे पान अवश्य घ्या. शेवटच्या पानावर बहुधा शक, तिथी, गाव आणि नकलकाराचे नाव असते. पोथी कोणाकडून कोणाकडे आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

३२/
नंतर जाणकाराला दाखवा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, छत्रपती संभाजीनगरातील विद्यापीठ आणि मराठवाडा साहित्य परिषद, ठाण्याचे आणि मुंबईचे ग्रंथसंग्रहालय, अशा ठिकाणी विचारता येते. पंथाची पोथी असेल तर त्या पंथाच्या महंतांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पोथी देऊनच टाकली पाहिजे असे नाही. श्रद्धा घरी राहू द्या, तिची नोंद आणि प्रतिमा बाहेर जाऊ द्या.

३३/
भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर ज्यांनी दान दिले त्यांची नावे दगडात कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या भागातील माणसांनी शेकडो मैल दूरच्या एका सार्वजनिक कार्यासाठी आपल्या मिळकतीतून वाटा दिला. भाव्यांनी मिठाच्या व्यापारातून वेळ आणि पैसा काढला, तो त्याच जातीचा. आम्हाला दगड कोरावयाचा नाही. गावच्या वाचनालयाला एक कपाट, एक नोंदवही आणि महिन्याचा एक रविवार, एवढे देता आले तरी पुरे.

३४/
नदीत सोडलेल्या त्या गाठोड्यांत काय होते, ते आता कधीच कळणार नाही. कदाचित शिवलीलामृताच्या साध्या नकला असतील, कदाचित दुसरे काही असेल. पुढचे गाठोडे पाण्यात जाण्यापूर्वी कोणीतरी फडके सोडून पाहावे, एवढ्यासाठी हा धागा. आपल्या घरी किंवा गावी अशी पोथी असेल तर तिच्या शेवटच्या पानावरचा मजकूर खाली अवश्य लिहा. वाचता येत नसेल तर छायाचित्र द्या. मोडी आणि जुनी बाळबोध वाचणारी मंडळी येथे आहेत, आपण मिळून वाचू.

(धागा समाप्त)